कंबरेच्या गोळ्या सुरू झाल्या आणि आई गप्प झाली: दोष गोळीचा की दुखण्याचा?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजलं ते असं. आई ६३ वर्षांच्या. मणक्यातली गादी सरकली आहे, डाव्या पायात कळ उतरते, सात आठवड्यांपासून गोळ्या चालू आहेत. तीन आठवड्यांपूर्वी 'नसांच्या गोळी'चा डोस दुप्पट केला. त्यानंतर त्या पहाटेच उठून बसतात, कारण नसताना डोळे भरून येतात, भजनी मंडळात जाणं थांबलं, टीव्हीसमोर बसतात पण बघत नाहीत. परवा म्हणाल्या, "मी आता कुणाला नकोशीच झालेय." हाडांचे डॉक्टर म्हणाले, वय झालं की असं होतंच. मेडिकलवाल्याने सांगितलं, ती गोळी म्हणजे व्हिटॅमिन आहे. मावशी म्हणतात, सगळ्या गोळ्या आजच बंद करा. तुम्ही विचारलंय की पेनकिलरमुळे डिप्रेशन येतं का, आणि मावशींचं ऐकावं का.

दुखण्यावरच्या काही औषधांनी मन खाली जाऊ शकतं, आणि तुम्ही लिहिलेल्या यादीत अशी औषधं एकाहून जास्त आहेत. पण आजच्या आज सगळं बंद करू नका, त्याने नवंच संकट उभं राहू शकतं. मी मूळची भूलतज्ज्ञ, गेली १४ वर्षं जुनाट दुखण्याचे रुग्ण बघते. आईंना तपासल्याशिवाय त्यांच्या उदासीचं कारण मी ठामपणे सांगू शकत नाही. ते कुठे शोधायचं, एवढं मात्र सांगता येईल.

त्याआधी एक काम आज रात्रीच करा. "कुणाला नकोशी झालेय" हे वाक्य ऐकून पुढे जाऊ नका. शेजारी बसा आणि सरळ विचारा, "आई, जगूच नये असं वाटतं का? जिवाचं काही करून घ्यावं असं मनात येतं का?" असं विचारल्याने तो विचार नव्याने डोक्यात शिरतो, ही भीती खोटी आहे. उलट बहुतेक माणसांना कुणीतरी विचारलं याचा दिलासा वाटतो. उत्तर होकारार्थी आलं, किंवा त्या नुसत्या गप्प राहिल्या, तर घरातल्या सगळ्या गोळ्या तुमच्या ताब्यात घ्या, त्यांना एकटं ठेवू नका आणि उद्याच मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, तिथे मराठीतही बोलता येतं. त्यांनी काही करायचं ठरवलंय असं जाणवलं तर सकाळची वाट न बघता रात्रीच दवाखाना गाठा. पुढचं सगळं यानंतरचं.

आता गोळ्यांकडे वळू. आपल्याकडे दुखण्यासाठी दिलेल्या प्रत्येक गोळीला 'पेनकिलर' म्हणतात आणि सगळा गोंधळ तिथून सुरू होतो. तुमच्या यादीत आहे: एसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉलची जोडगोळी दिवसातून दोनदा, ट्रामाडॉल आणि पॅरासिटामॉलची गोळी 'लागेल तशी' (म्हणजे आता रोज तीनदा), रात्री प्रीगाबालिन, मिथाइलकोबालामिन आणि नॉरट्रिप्टिलिन एकत्र असलेली गोळी (हीच ती 'नसांची गोळी'). शिवाय वडील गेल्यानंतर दोन वर्षांपूर्वी सुरू झालेली डिप्रेशनवरची एस्सिटालोप्राम १० मिलिग्रॅम, आणि बीपीची गोळी, जिच्यात टेल्मिसार्टनबरोबर हायड्रोक्लोरोथायाझाइड हे लघवी वाढवणारं औषध आहे. ही पाच पाकिटं असली तरी औषधं त्याहून बरीच जास्त आहेत, आणि ती एकमेकांशी काय करतात ते एकेकट्या पाकिटावर लिहिलेलं नसतं.

एसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉलवर मी फार थांबणार नाही. ओहायो स्टेट विद्यापीठात २०१५ साली झालेल्या एका प्रयोगात १००० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल घेतलेल्यांना आनंदाची आणि दुःखाची, दोन्ही तऱ्हेची चित्रं थोडी कमी तीव्र वाटली. परिणाम बारीक होता. सहा-सात आठवड्यांत माणूस बदलून जावा इतका तो नाही. एसिक्लोफेनॅकच्या कुळातली इंडोमेथॅसिन ही गोळी डोकं जड करणे, गोंधळ, उदासी यांसाठी ओळखली जाते, पण ती तुमच्या यादीत नाही. एसिक्लोफेनॅकचा या गोष्टीत हात असेल तर तो आडवाटेने असेल. त्याकडे पुढे येते.

माझा पहिला संशय प्रीगाबालिनवर आहे. मेडिकलवाल्याने व्हिटॅमिन म्हटलं त्यात तथ्य इतकंच की त्या गोळीत मिथाइलकोबालामिन, म्हणजे बी-१२, असतं. पण त्याच गोळीतलं प्रीगाबालिन हे मुळात फिट्सच्या औषधांच्या गटातलं आहे. दुखावलेली नस सतत संदेश पाठवत राहते. प्रीगाबालिन नसांच्या टोकांवरच्या कॅल्शियमच्या वाटांना चिकटतं आणि ते संदेश नेणारी रसायनं कमी सोडायला लावतं. फक्त पायाकडून येणाऱ्या नसेवर काम कर आणि मेंदूच्या बाकीच्या भागाला हात लावू नकोस, असं त्याला सांगता येत नाही. म्हणून गुंगी, चक्कर, शब्द न आठवणं, चिडचिड, आणि काही जणांत सगळ्याच भावना बोथट होणं हे दिसतं. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २००८ मध्ये या गटातल्या ११ औषधांच्या १९९ चाचण्या एकत्र तपासल्या. आत्महत्येचे विचार किंवा कृती औषध घेणाऱ्यांत ०.४३ टक्के लोकांत दिसली, तर नकली गोळी घेणाऱ्यांत ०.२४ टक्के. याचा अर्थ दोन्हीकडून लावायला हवा. बहुसंख्य लोकांना असं काहीही होत नाही, पण ज्यांना होतं त्यांच्या ते मनाचे खेळ नसतात. म्हणूनच गोळी सुरू करताना आणि डोस वाढवताना घरच्यांना सांगून ठेवणं हे आमचं काम आहे. ते होत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

याची दुसरी बाजूही आहे. याच प्रीगाबालिनला युरोपात चिंताविकारावरचं औषध म्हणून मान्यता आहे. घाबरेपणा कमी होऊन शांत झोपणारे माझे कितीतरी रुग्ण आहेत. एकाला ते सावरतं आणि दुसऱ्याला बुडवतं. कुणाला काय होईल हे आधी सांगता येत नाही, म्हणून बघत राहावं लागतं.

ट्रामाडॉलची गोष्ट वेगळी. ते दोन कामं करतं. शरीरात त्याचं अफूसारखं काम करणारं एक रूप तयार होतं, आणि शिवाय ते मेंदूत सेरोटोनिन व नॉरॲड्रेनॅलिन टिकवून ठेवतं, म्हणजे थोडंफार डिप्रेशनच्या गोळीसारखंच. सुरुवातीला अनेकांना दुखणं तर कमी वाटतंच, वर मनही हलकं वाटतं. चार-सहा तासांनी उतरलं की बेचैनी, चिडचिड, पाणावलेले डोळे. मग पुढची गोळी. 'लागेल तशी' असलेली गोळी रोज तीनदा होण्यामागे बऱ्याचदा कंबर कमी असते आणि औषधाचा हा उतार जास्त. याची सवय लागते म्हणूनच एप्रिल २०१८ मध्ये केंद्र सरकारने ट्रामाडॉल अंमली पदार्थांच्या कायद्याखाली आणलं. आईंना कुणी व्यसनी म्हणावं असं यात काही नाही. चिठ्ठीप्रमाणे प्रामाणिकपणे घेणाऱ्या माणसाचं शरीरही सरावतं.

इथे एस्सिटालोप्रामचा संबंध येतो. तेही सेरोटोनिन वाढवतं, ट्रामाडॉलही वाढवतं, नॉरट्रिप्टिलिनही त्याच वाटेवरचं. तिन्ही एकत्र घेऊन ठणठणीत असलेले रुग्ण मी पाहिलेत, तेव्हा घाबरून जाऊ नका. पण डोस वाढवल्यावर, बहुधा पहिल्या एका दिवसातच, प्रमाणाबाहेर अस्वस्थता, दरदरून घाम, हात थरथरणं, पायांना झटके, जुलाब, ताप, छातीत धडधड अशी लक्षणं एकत्र आली तर ते सेरोटोनिनचं विष चढणं असतं, आणि मग थेट दवाखान्यात जायचं. आईंचं चित्र तसं नाही. त्या मंद झाल्यात, तापल्या-थरथरल्या नाहीत.

मंद होण्याचं एक कारण मात्र असं आहे की ते मला पहिल्यांदा तपासावंसं वाटतं: रक्तातलं सोडियम. ते साधारण १३५ ते १४५ असायला हवं. हायड्रोक्लोरोथायाझाइड ते कमी करतं, एस्सिटालोप्राम कमी करतं, ट्रामाडॉल आणि नॉरट्रिप्टिलिनही करू शकतात, आणि एसिक्लोफेनॅकच्या कुळातल्या गोळ्या शरीरात पाणी धरून ठेवून त्यात भर घालतात. साठीच्या पुढच्या बारीक चणीच्या बायकांत हे जास्त दिसतं. सोडियम हळूहळू उतरतं तेव्हा माणूस आजारी न दिसता उदास दिसतो. बोलणं कमी, भूक कमी, पाय लटपटतात, विसरायला होतं. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक आजी येत. नुकताच मुलगा गेला होता. त्या गप्प झाल्या तेव्हा मी ते दुःखच समजले, तपासणी सांगितली नाही. आठ दिवसांनी त्या न्हाणीघरात पडल्या. दवाखान्यात सोडियम ११८ निघालं. त्या वाचल्या, पण खुब्याचं हाड मोडलं ते मोडलंच. त्या दिवसापासून अशा गोळ्यांवरचा रुग्ण अचानक गप्प झाला की मनाच्या कारणांकडे वळण्याआधी मी सोडियम बघतेच.

त्याच रक्तात क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारी तपासणी, तीही करून घ्या. एसिक्लोफेनॅक, टेल्मिसार्टन आणि लघवीचं औषध ही तीन एकत्र आली की वयस्कर मूत्रपिंडावर ताण येतो. आणि प्रीगाबालिन जवळजवळ सगळंच्या सगळं मूत्रपिंडातूनच बाहेर पडतं. मूत्रपिंडाचं काम अर्ध्यावर आलं तर प्रीगाबालिनचा डोसही अर्धा करावा लागतो. नाहीतर चिठ्ठीवर १५० लिहिलेलं असतं आणि शरीरात त्याच्या दुपटीचा परिणाम होत असतो. मघाशी आडवाटेचा हात म्हटलं तो हाच. सोबत थायरॉइड आणि हिमोग्लोबिन बघितलं तर उत्तम. या सगळ्या साध्या तपासण्या आहेत, तालुक्याच्या लॅबमध्येही होतात.

आता तुमच्या प्रश्नातला खरा अवघड भाग. सात आठवडे पाय ठणकतोय, झोप लागत नाही, देवळाच्या पायऱ्या चढता येत नाहीत, भजनात मांडी घालून बसता येत नाही. गोळी एकही न घेता माणूस एवढ्यानेसुद्धा खचतो. वडील गेल्याचं दुःख आहेच, जुनी उदासी पुन्हा डोकं वर काढू शकते. मग गोळीचं किती आणि दुखण्याचं किती, हे कसं ओळखायचं?

माझ्या हाताशी याला सगळ्यात उपयोगी गोष्ट आहे ती कॅलेंडर. एका वहीत तारखेपुढे दोन गोष्टी लिहायच्या: कोणती गोळी कधी सुरू झाली, वाढली, चुकली, आणि त्या दिवशी मन कसं होतं, दुखणं किती, झोप किती. मागचे सात आठवडे आठवून भरा, पुढचे रोज भरा. गोळीमुळे होणारा बदल साधारण डोस बदलल्यापासून काही दिवसांत ते दोन-तीन आठवड्यांत दिसू लागतो आणि दुखणं कमी असलेल्या दिवशीही मन वर येत नाही. दुखण्यामुळे आलेली उदासी दुखण्याबरोबर खालीवर होते. रात्र बरी गेली की सकाळी चेहरा जरा खुलतो. ट्रामाडॉलची चढउतार तर घड्याळातच दिसते, गोळीची वेळ टळली की तासाभरात चिडचिड. आणि वहीत मनाचा रकाना आईंनाच भरू द्या. तुमच्या प्रश्नात डॉक्टरांचं, मेडिकलवाल्याचं, मावशींचं म्हणणं आहे, त्यांचं स्वतःचं फक्त ते एक वाक्य आहे.

हे कॅलेंडर खरं कारण दोन्ही बाजूंनी उघडं पाडतं. नागीण होऊन गेल्यावर छातीत जळजळ राहिलेले एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे होते. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "हे घरात आहेत, पण घरात नाहीत." वही बघितली तर प्रीगाबालिन वाढवल्याच्या पाचव्या दिवसापासून पेपर वाचणं बंद. डोस हळूहळू कमी केला, पंधरा दिवसांत ते पुन्हा शब्दकोडी सोडवू लागले. जळजळ थोडी वाढली, ती त्यांनी पत्करली. त्याच महिन्यात एका ताईंच्या घरच्यांनी सगळा दोष गोळ्यांवर टाकून त्या परस्पर बंद केल्या होत्या. वहीत उदासी गोळ्यांच्या आधीपासूनची निघाली, आणि गोळ्या बंद झाल्यावर झोपेवाचून ती दुप्पट झाली.

तुमच्याकडे डोस वाढवणं आणि बदल दिसणं या दोन तारखा इतक्या जवळ आहेत की माझं मत गोळीकडे झुकतं. सोडियम ठीक आलं तर अधिकच.

मग बंद का नको? प्रीगाबालिन एकदम थांबवलं तर झोप उडते, घाम, मळमळ, प्रचंड घाबरेपणा येतो. कंपनीची अधिकृत माहितीही किमान एक आठवडा घेऊन उतरवायला सांगते. मी बहुधा त्याहून सावकाश जाते. ट्रामाडॉल अचानक सुटलं तर एक-दोन दिवसांत अंगदुखी, जुलाब, नाक गळणं, जीव कासावीस होणं. तेव्हा घरातले म्हणतात, "बघा, गोळीशिवाय तर आणखी वाईट झालं," आणि खरं कारण कायमचं झाकलं जातं. एस्सिटालोप्रामला तर हातच लावू नका, ती आत्ता त्यांचा आधार असू शकते. बीपीची गोळीही मनाने थांबवायची नाही. एसिक्लोफेनॅक एकच असं आहे की ते एकदम थांबवल्याने काही बिघडत नाही. शिवाय एस्सिटालोप्रामबरोबर त्याने पोटात रक्तस्रावाचा धोका वाढतो, शौच डांबरासारखं काळं झालंय का, हेही विचारा.

डॉक्टरांकडे जाताना "तुमच्या गोळीने आईला वेड लागलं" असं म्हणून गेलात तर दार बंद होईल. सगळी पाकिटं पिशवीत घाला, वही घ्या, रिपोर्ट घ्या आणि असं विचारा: "डोस वाढवल्यानंतर या तारखेपासून हा बदल दिसतोय. तो आधीच्या डोसवर आणून दोन आठवडे बघता येईल का? एस्सिटालोप्राम चालू आहे हे तुम्हाला माहीत होतं का? ट्रामाडॉल कसं कमी करू?" अनेकदा हाडांच्या डॉक्टरांना मनाच्या गोळीची कल्पनाच नसते, कारण घरचे ती लाजेपोटी सांगत नाहीत. एका वेळी एकच गोळी बदला. दोन एकदम बदलल्या तर कोणत्या बदलाने काय झालं ते कधीच कळणार नाही.

दुखण्याचं काय, ही भीती तुम्हाला असणार. गादी सरकून पायात उतरणारी कळ बहुतेकांत सहा ते बारा आठवड्यांत बरीच ओसरते. आई सातव्या आठवड्यात आहेत, म्हणजे वाटेच्या मध्यावर. ऑस्ट्रेलियात २०१७ मध्ये सायटिकाच्या, म्हणजे अशाच पायात उतरणाऱ्या कळेच्या, २०९ रुग्णांवर झालेल्या चाचणीत प्रीगाबालिनने पायाचं दुखणं नकली गोळीपेक्षा कमी झालं नाही, त्रास मात्र जास्त झाले. नागीण किंवा मधुमेहाच्या नसांच्या दुखण्यात त्याचा उपयोग होतो, त्यामुळे ते टाकाऊ नाही. पण सायटिकासाठी ते सोडताना फार काही गमावतोय असं समजू नका. घरातल्या घरात दिवसातून पाच-सहा वेळा दहा मिनिटं चालणं, फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम, कुशीवर झोपताना गुडघ्यांमध्ये उशी, यातून बऱ्याच जणींची ट्रामाडॉलची एक गोळी कमी होते. भजनाला खुर्चीवर बसून गेलं तर चालतं हेही त्यांना सांगा. मंडळातल्या कुणाला तरी न्यायला येऊ द्या.

अजून दोन गोष्टी विचारून घ्या. कंबरेत किंवा दंडात इंजेक्शन दिलं होतं का? त्यात स्टिरॉइड असेल तर काही दिवस झोप उडून मन सैरभैर होतं. आणि कुणी सांगितलं म्हणून सांधेदुखीची बिनलेबलची पुडी किंवा चूर्ण चालू आहे का? अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं मी पाहिलंय. ते महिनोन्महिने घेऊन अचानक थांबवलं की गळून जाणं, उदासी, उलट्या असं सगळं दिसतं आणि ते धोक्याचंही असतं. पुडी असेल तर तीसुद्धा पिशवीत घाला, लपवू नका.

रक्त उद्याच द्या. सोडियम १३० च्या खाली आलं, किंवा आकडा कसाही असला तरी आई बरळू लागल्या, फार गुंगल्या, उलट्या सुरू झाल्या, तर हाडांच्या डॉक्टरांच्या वेळेसाठी थांबू नका, त्याच दिवशी फिजिशियनकडे न्या आणि पाकिटांची ती पिशवी सोबत ठेवा.